नमुन्याबरहुकूम

मी एक जुना नमुना आहे. हसू नका, मित्रांनो. वर्गातल्या खोडकर पोराला बाई म्हणतात, तसला नमुना नव्हे. मी सरकारमान्य नमुना आहे. नमुना घर. लोकांनी यावं, बघावं, 'वा वा' म्हणावं आणि आपापल्या घरी जावं, एवढ्यासाठी मला बांधलं. दुकानाच्या काचेत पुतळ्याला कपडे घालून उभं करतात ना, तसं. त्या पुतळ्याला कोणी विचारत नाही, बाबा रे, तुला थंडी वाजते का. मलाही कोणी विचारलं नाही, तुझ्यात कोणी राहावंसं वाटतं का. वाटत होतं. पण ते पुढे येईलच.

आमचं शहर मधलं. फार मोठं नाही, फार लहान नाही. घरात मधल्या भावंडाचं होतं तेच त्याचं झालं. थोरल्याला नवे कपडे, धाकट्याचे लाड, आणि मधल्याला नुसतंच 'तू समजूतदार आहेस'. एवढ्यावर शहर चालत नाही. इथे कुलपांचा कारखाना होता. अर्धं शहर तिथे कामाला होतं. मग कारखाना तोट्यात गेला आणि एके दिवशी कुलपांच्या कारखान्यालाच कुलूप लागलं. कुलूप इथलंच, त्यामुळे पक्कं. तरणी माणसं कामाला मोठ्या शहरात गेली. जाताना दाराला कुलूप घालून गेली, तेही इथलंच. गल्लीत उभं राहून बघावं तर दारोदार आमचाच माल लटकलेला.

मग राजधानीत ठरलं की अशा मधल्या शहरांना पुन्हा उभं करायचं. मोडकी घरं पाडायची, त्या जागी चांगल्या इमारती बांधायच्या, आणि गेलेल्यांना म्हणायचं, परत या. विचार चांगला होता. मला तर तो अजूनही चांगलाच वाटतो. योजनेचं नावच 'परत या'. फक्त तिचे मोठमोठे फलक लावणाऱ्यानं ते शहरात शिरणाऱ्या रस्त्यावर लावले. बाहेरून येणाऱ्याला पहिलं दिसायचं, 'परत या'. काही गाड्या तिथूनच वळल्या. त्यांना वाटलं, आज बंद आहे, नंतर यायला सांगतायत.

लोकांनी आपली घरं पाडू द्यायची, तर बदल्यात काय मिळणार ते दाखवायला हवं. म्हणून बंद कारखान्याच्या आवारात, कुंपणाच्या भिंतीला चिकटून, मला बांधलं. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मला सजवायला राजधानीहून एक सजावटवाली बाई आली. हुशार होती. खोल्या मोठ्या दिसाव्यात म्हणून तिनं पलंग आखूड करून घेतला आणि खुर्च्या बुटक्या. कपाटात पुस्तकांच्या नुसत्या पाठी चिकटवल्या. दिव्यांची बटणं भिंतीला डिंकानं लावली. ताटलीत मेणाची सफरचंदं ठेवली. खिडकी उघडली की कुंपणाची भिंत नाकाला लागायची, म्हणून खिडकी बंद करून तिच्यावर तळ्याचं चित्र रंगवलं, काठावर दोन बगळे. नळ तर इतका चकचकीत की बघणाऱ्याला भांग पाडता यावा. फक्त त्याच्यामागे काही नव्हतं. पाइप नाही, टाकी नाही, काही नाही. न्हाणीघराला जागाच उरली नाही, तेव्हा तिनं एक छान दार घेतलं आणि भिंतीवर बसवलं. उघडलं की आत भिंत. 'उघडतंय कोण?' ती म्हणाली, आणि चहाचा कप ओट्यावर ठेवला. त्याचा गोल डाग ओट्यावर उमटला. तो डाग लक्षात ठेवा.

माझ्या उद्घाटनाला राजधानीहून मोठे पाहुणे आले. त्यांनी फीत कापली, तळ्याचं कौतुक केलं, आणि बोलता बोलता ताटलीतलं एक सफरचंद उचलून कडाडून चावलं. आता मोठा माणूस, समोर एवढी गर्दी, थुंकणार कुठे? बेसिनही खोटंच. त्यांनी सावकाश चावून गिळलं आणि म्हणाले, 'गोड आहे.' मग मागे उभ्या असलेल्या दोघांनाही एकेक खावं लागलं. त्यांनी मात्र घास खिशात घातले. चावलेली सफरचंदं सजावटवालीनं दात लागलेली बाजू भिंतीकडे करून ठेवून दिली.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीतले लोक बघायला यायला लागले. त्यांत एक टेलरबाई आणि तिची सासू होती. टेलरबाई घरी मशीन चालवायची. सासू पूर्वी कुलपांच्या कारखान्यात तपासणीला होती. नवं कुलूप किल्लीशिवाय उघडून बघायचं, उघडलं तर परत पाठवायचं, हे तिचं काम. गल्ली तिला आजी म्हणायची. मला सांभाळायला एक अभियंता नेमलेले होते, त्यांना सगळे साहेब म्हणायचे. भला माणूस, पण पाठ केलेलं बोलायचा.

आजीनं आत येऊन सरळ नळ सोडला.

'साहेब, याला पाणी नाही.'

'आजी, हा नमुना आहे.'

'ते मला तुम्हाला बघितल्याबरोबर कळलं. मी नळाचं विचारतेय.'

'आई, हळू,' सून कुजबुजली. 'साहेब आहेत ते.'

'साहेब आहेत म्हणूनच विचारतेय. नळाला विचारून काय उपयोग?'

मग आजी पलंगावर आडवी झाली. पाय घोट्यापासून पुढे बाहेर. 'हे पाय काय रात्री काढून ठेवायचे?'

साहेब म्हणाले, 'खऱ्या इमारतीत सगळं व्यवस्थित असतं. हे फक्त कल्पना यावी म्हणून.'

मित्रांनो, बाकीचे लोक माझ्यात उभ्या उभ्या यायचे. आडवं झालेलं ते पहिलं माणूस. माझ्या फरशीला बरं वाटलं.

टेलरबाई मात्र खिडकीशी उभी होती. 'आई, मशीन इथे बसेल,' ती म्हणाली. 'आणि दोन खोल्या आहेत. ते आले तरी अडचण व्हायची नाही.'

ते म्हणजे तिचा नवरा. मोठ्या शहरात बसगाड्या दुरुस्त करायचा आणि चार-पाच जणांबरोबर एका खोलीत पाळीपाळीनं झोपायचा. इथल्या बस आगारात त्याला जागा मिळत होती. पण गल्लीतलं त्यांचं घर एका बाजूनं खचलेलं, तिथे सासूसुनाच जीव मुठीत धरून राहायच्या. तो फोनवर म्हणायचा, 'घर झालं की येतो.' त्या दिवशी बाहेर पडताना आजीनं माझी चौकट दोनदा थोपटली आणि साहेबांना म्हणाली, 'घर पाडायच्या कागदावर कुठे सांगितलंत अंगठा द्यायला?'

गल्ली रिकामी झाली. घरं पाडली. लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेले. शेडवर 'तात्पुरते' असं लिहिलेलं होतं. ती पाटी उन्हानं इतकी उडाली की पुढे नुसतं 'तात' उरलं, आणि लोक शेडला तात म्हणायला लागले. 'कुठे राहता?' 'तातांकडे.'

आता ठेकेदाराची गोष्ट. तो लबाड नव्हता. लबाड असता तर बरं झालं असतं, थोडं डोकं तरी चालवलं असतं. मागे एका शाळेच्या कामात त्यानं आपल्या मनानं एक जास्तीची खिडकी ठेवली होती. पोरांना वारा मिळेल म्हणून. तपासणीत ती सापडली, त्याची खरडपट्टी निघाली आणि त्यालाच ती बुजवावी लागली. तेव्हापासून तो अक्कल घरी ठेवून कामावर यायचा. आमच्या कामाचा हुकूम एका ओळीचा होता: सर्व घरे नमुन्याबरहुकूम बांधावीत. बरहुकूम म्हणजे अगदी तस्संच, केसाचाही फरक नाही. त्यानं ती ओळ वाचली आणि टेप घेऊन माझ्याकडे आला. मला मोजलं. परत मोजलं. ओट्यावरचा डागसुद्धा मोजला.

त्याचा गवंडी एकदा म्हणाला, 'शेठ, या दारामागे भिंत आहे.'

'नमुन्यात आहे का?'

'आहे.'

'मग घे.'

'आणि माणसानं जायचं कुठे?'

'ते नमुन्यात आहे का?'

'नाही.'

'मग तुला काय करायचंय?'

इमारती उभ्या राहिल्या. बाहेरून देखण्या. पूर्ण झाल्यावर राजधानीहून तपासणीची मंडळी आली. ती आधी माझ्यात यायची, काहीतरी मोजायची, मग इमारतीत जाऊन तेच मोजायची. पलंग जुळले. खुर्च्या जुळल्या. बगळेही जुळले, प्रत्येक तळ्यावर दोन. प्रत्येक ओट्यावर चहाचा गोल डाग, त्याच जागी. प्रत्येक ताटलीत मेणाची सफरचंदं, त्यातली तीन चावलेली. त्यासाठी ठेकेदारानं एक भक्कम दातांचा मजूर नेमला होता. इतकं तंतोतंत काम राज्यात कुठेच झालं नव्हतं. शहराला बक्षीस मिळालं. साहेबांना शाल वगैरे दिली, ठेकेदाराला चषक. नळ सोडून बघायचं मात्र कोणाला सुचलं नाही. तपासणीत नळ मोजायचे होते, सोडायचे नव्हते.

मग लोकांना किल्ल्या दिल्या.

त्या दुपारी इमारतीतून जो आवाज आला तो मी कारखान्याच्या आवारात ऐकला. आधी दारं उघडल्याचे आवाज. मग एक गृहस्थ जिन्यावरून ओरडला, 'अहो, मी न्हाणीघरात शिरायला गेलो, माझं नाक फुटलं.' वरच्या मजल्यावरून कोणीतरी विचारलं, 'आधी दार उघडलं होतंत ना?'

टेलरबाईला हसायला आलं नाही. नवऱ्यानं तिकडची नोकरी सोडली होती. किल्ली मिळाली असं तिनंच त्याला फोनवर सांगितलं होतं. आठवड्याच्या शेवटी तो बोचकं घेऊन येणार होता. आणि लोकांना घरं दिली, म्हणून तातही मोडायला घेतले होते. पत्रे एका टोकाकडून निघायला लागलेच होते. तो आला की त्याला न्यायचं कुठे, हा तिचा प्रश्न. पुन्हा तिकडे गेला तर तो परत यायचा नाही, हे तिला माहीत होतं. अशी गेलेली माणसं तिनं गल्लीत बघितली होती.

सासूसुना साहेबांना गाठायला माझ्याकडेच आल्या. साहेब माझ्या बुटक्या खुर्चीवर गुडघे कानाशी घेऊन बसले होते.

'आजी, मला कळतंय,' ते म्हणाले. 'पण इमारतीत बदल केला तर ती नमुन्यासारखी राहणार नाही. आणि नमुन्यासारखी नसली तर ती मंजूर नाही.'

'मग आधी नमुना बदला.'

'त्याला बक्षीस मिळालंय. आता त्यात बदल करायचा तर राजधानीची परवानगी लागते.'

'ती कधी मिळेल?'

'मागतोय. त्यांचं म्हणणं, एवढा चांगला नमुना बदलायचा कशाला?'

सून म्हणाली, 'साहेब, शनिवारी ते येतायत. तुम्ही मला फक्त एवढं सांगा, मी त्यांना काय सांगू?'

साहेबांनी पाठ केलेलं काहीतरी शोधलं. सापडलं नाही. ते उठले, मला कुलूप घातलं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आजी आली. मागून सून, तिच्या मागून हातगाडीवर शिलाई मशीन, अंथरुणं, शेगडी, भांडी. आवारात बघे जमले. साहेबांच्या कचेरीत आकडे पुष्कळ होते. किती घरं, किती टक्के, किती मजले. आजीकडे एकच आकडा होता, केसात खोचलेला. तो तिनं काढला, माझ्या कुलपात घातला, जरा कान लावला आणि कुलूप उघडलं.

'हे मी तेव्हाच परत पाठवलं होतं,' ती कुलपाकडे बघून म्हणाली. 'कोणी विकलं कोण जाणे.'

साहेब धावत आले. तोवर शेगडीवर चहा चढला होता.

'आजी, हे काय?'

'बसा. साहेब, बदल करायला परवानगी लागते ना?'

'लागते.'

'आणि राहायला?'

साहेब विचारात पडले. नमुन्यात कोणी राहील असं कोणाच्या मनातच आलं नव्हतं, त्यामुळे त्याला मनाई करायचंही राहून गेलं होतं. 'राहण्याबद्दल कुठे काही म्हटलेलं नाही,' ते हळूच म्हणाले.

'मग आम्ही राहतोय. आता माणसं राहिली की घरात थोडी पडझड व्हायचीच. कुठे भिंत पडेल, कुठे पाइप येईल.'

साहेबांनी कप उचलला आणि खिडकीकडे वळून उभे राहिले. चहा संपेपर्यंत ते त्या रंगवलेल्या तळ्याकडे बघत होते. मग कप ठेवला. जुन्या डागावर बरोबर बसला.

'मी तळं बघत होतो,' ते जाताना म्हणाले. 'मला दुसरं काही दिसलं नाही.'

मित्रांनो, पुढचे तीन दिवस माझ्या अंगावर छिन्नी-हातोडे चालले. दुखलं. पण कधी कधी दुखण्यातही बरं वाटतं, दात किडलेल्या माणसाला विचारा. गल्लीतला प्लंबर आला. कारखान्याची जुनी पाण्याची लाइन आवाराखालून जात होती, तिला त्यानं पाइप जोडला. खोट्या दारामागची भिंत फोडून बाहेरच्या बाजूला न्हाणीघर काढलं. खिडकीवरचं तळं उचकटलं. पलीकडे कुंपण होतंच, तर त्याच्या वरच्या विटा उतरवल्या. बगळे गेले, पण वारा आला. बटणांमागे खऱ्या तारा ओढल्या. पुस्तकांच्या पाठी काढून टेलरबाईनं तिथे दोऱ्यांची रिळं लावली. पलंग लांब करायला वेळ नव्हता, म्हणून आजीनं पायाशी एक स्टूल ठेवलं. चष्मा अडकवायला उशाशी खिळा ठोकला.

शेवटी प्लंबरनं नळ सोडला. आधी नळ खोकला. मग लाल पाणी आलं, मग गढूळ, मग स्वच्छ. टेलरबाईनं हात खाली धरला आणि बराच वेळ काढलाच नाही. 'बंद कर,' आजी म्हणाली, 'संपेल ते.' पण तीही येऊन एक हात धरून गेली. त्या रात्री आजी माझ्यात घोरली. इतकी वर्षं 'वा वा' ऐकून माझ्या भिंतींना जे झालं नव्हतं, ते त्या घोरण्यानं झालं.

शनिवारी आजीचा मुलगा आला. बोचकं दारातच ठेवून त्यानं आत बघितलं.

'हे आपलं घर?'

'हा नमुना,' आजी म्हणाली. 'आपलं असंच व्हायचंय. आधी हातपाय धू.'

तो न्हाणीघराकडे वळला, दार उघडलं आणि आत गेला. टेलरबाई बाहेर दाराला कान देऊन उभी होती. आतून पाण्याचा आवाज आला, तेव्हा कुठे ती मशीनवर जाऊन बसली.

सोमवारी आजीनं ठेकेदाराला बोलावणं धाडलं. तो टेप घेऊनच आला. साहेबही येऊन बसले होते.

'नमुना बघून घ्या,' आजी म्हणाली. 'तुमच्या इमारती याच्यासारख्या नाहीत.'

ठेकेदारानं मला आतून बघितलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. 'हा पाइप नमुन्यात आहे?'

'आहे.'

'आणि हे न्हाणीघर?'

'डोळ्यांनी दिसतंय ना?'

त्यानं साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, 'हुकूम काय आहे? नमुन्याबरहुकूम. मग?'

'म्हणजे मी चुकलो?' ठेकेदार म्हणाला. चषक परत मागतील की काय, ही त्याला भीती. तो घाईघाईनं मोजायला लागला. पाइप, न्हाणीघर, उघडी खिडकी, बटणांमागच्या खऱ्या तारा. मोजता मोजता आजीपाशी थांबला. 'आणि तुम्ही?'

'मी नमुन्यात नाही. मी एकच आहे.'

तुम्हाला वाटेल पुढे भांडणं झाली असतील. नाही. ठेकेदारानं मुकाट्यानं सगळ्या इमारती नीट केल्या. तोवर लोकांनी राहिलेले पत्रे मोडू दिले नाहीत. पुन्हा तपासणीची मंडळी आली, पुन्हा माझ्यातून इमारतीत आणि इमारतीतून माझ्यात फिरली. सगळं जुळलं. नमुना बदलला कधी, हे कोणी विचारलं नाही, कारण बदललेलं कोणाला सापडलंच नाही. जुळलं म्हणजे झालं. आजही त्या इमारतींत प्रत्येक पलंगाच्या पायाशी एक स्टूल आहे आणि उशाशी एक खिळा. लोक म्हणतात, काय सोय केलीय. सफरचंदं मात्र गेली. कुणीतरी चावायचं, आणि वर 'गोड' म्हणायला सगळीच माणसं मोठी नसतात.

गेलेले सगळे परत आले नाहीत. काही दारांवर अजून आमची कुलपं आहेत. पण संध्याकाळी इमारतीत दिवे लागतात, आणि आधी होते त्याहून जास्त लागतात. आजीचं कुटुंब तिथे राहायला गेलं. मुलगा बस आगारात जातो. मला परत कुलूप लागेल असं वाटलं होतं. पण टेलरबाईनं माझ्यात शिवणाचं दुकान टाकलं. परवानगी मागितली नाही. दुकानाबद्दलही कुठे काही म्हटलेलं नव्हतं. आजी दुपारी येते, आखूड पलंगावर पडते, पाय स्टुलावर. म्हणते, तिकडचं घर अगदी असंच आहे, पण त्याला याची सर नाही.

तर मित्रांनो, कोणी तुम्हाला घर दाखवायला नेलं तर रंग मागाहून बघा. आधी नळ सोडा. दार उघडून पलीकडे पाऊल टाका. पलंगावर आडवे व्हा, लोक हसले तरी चालेल. आणि ज्या घरात राहता त्याच्याकडे अधूनमधून लक्ष द्या. नुसतं बघण्यासाठी असलेलं घर आणि राहतं घर, दोन्ही मी होऊन बघितलंय. राहत्या घराला डाग पडतात, झीजही होते, पण त्याची हाक ऐकायला कोणीतरी असतं.

म्हणून आज हाक मारतोय. माझ्या मागच्या कोपऱ्यात हल्ली ओल धरलीय. छताजवळ, ताटलीएवढी. मोठी नाही, पण आहे. टेलरबाईला कामातून वर बघायला वेळ नाही आणि आजीच्या डोळ्यांवर चष्मा नसतो, तो खिळ्याला असतो. कोणीतरी त्यांना सांगा. जरा लवकर सांगा. शेजारच्या शहरालाही आता योजना मंजूर झालीय, काम आमच्याच ठेकेदाराला मिळालंय, आणि तो सोमवारी टेप घेऊन येतोय.